तांबडा डोंगर आणि मी न दिलेला निरोप

रेवसच्या धक्क्यावरून आगबोट सुटली तेव्हा सासूबाईंनी मला एकच गोष्ट बजावली होती, की ह्यांच्या जेवणाची आबाळ होऊ देऊ नकोस. म्हणून माझ्या ट्रंकेत लुगड्यांपेक्षा कुळथाचे पीठ, मेतकूट, आमसुले आणि सांडगी मिरच्याच जास्त होत्या. मुंबईहून कोलंबो, हाँगकाँग, योकोहामा असे करत, निम्मा वेळ आडवे पडून, आम्ही अमेरिकेला पोचलो. त्या समुद्रप्रवासाविषयी मैत्रिणींना पत्रांतून पुष्कळ लिहिले आहे. इथे लिहायचे आहे ते एका डोंगराविषयी आणि तिथे मी जे केले त्याविषयी.

हे शेतकी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. आमचे गाव कुलाबा जिल्ह्यातल्या खारेपाटातले, म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून अडवले तरच भात पिकणारे. खाऱ्या जमिनीत कोणते गवत आणि कोणते झुडूप तग धरते हा ह्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठीच एका संस्थानाने त्यांना वर्षभरासाठी अमेरिकेतल्या युटा प्रांतात पाठवले होते. तिथली पुष्कळ जमीन आमच्यासारखीच खारी आहे. फरक एवढाच, की तिथे समुद्र नाही आणि पाऊसही जवळजवळ नाही.

तिथे आम्हाला मिस डोरा भेटली. ह्यांच्या प्राध्यापकांच्या पुस्तकासाठी ती वनस्पतींची चित्रे काढत असे. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न न केलेली, उंच, उन्हाने रापलेली. तिचे नाव ऐकून मला शिवणाचा दोरा आठवला, आणि दिसायलाही ती तशीच सरळ नि बारीक होती. तिच्याकडे स्वतःची एक जुनी मोटार होती. ऑगस्टच्या सुट्टीत ती दक्षिणेकडच्या वाळवंटात, झायन नावाच्या राष्ट्रीय उद्यानात चित्रे काढायला निघाली होती. (राष्ट्रीय उद्यान म्हणजे फुलबाग नव्हे, सरकारने राखून ठेवलेला मोठा मुलूख. तिथे झाड तोडायचे नाही, शिकार करायची नाही.) तिने ह्यांना येता का म्हणून विचारले. ह्यांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि मग घरी येऊन मला सांगितले.

दोन दिवसांचा रस्ता होता. पुढच्या बैठकीवर डोरा, आणि तिच्या शेजारी नकाशा मांडीवर घेऊन हे. मागे मी, माझी ट्रंक, तीन वळकट्या, स्पिरिटचा स्टोव्ह आणि पाने दाबून वाळवायच्या लाकडी फळ्या. मोटारीच्या आवाजात मागे काही ऐकू येत नसे. पुढे दोघे हसली की मी मान पुढे काढून विचारी, काय झाले? हे सांगत, काही नाही, एका झुडपाविषयी बोलत होतो. झुडपाविषयी इतके हसण्यासारखे काय असते, ते मला समजत नसे.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, आजूबाजूला एक घर नाही अशा ठिकाणी चाक बसले. डोरा बाह्या वर करून गाडीखाली गेली. हे तिला हवे ते हत्यार काढून देत होते. मी छत्री धरून उभी राहिले. छत्री डोक्यावर धरण्याजोगे तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हते. अर्ध्या तासात तिने चाक बदलले आणि तेलकट हातांनीच एक सफरचंद फोडून आम्हाला दिले. हे कौतुकाने म्हणाले, "बघितलंस?" मी बघितले होते.

तिसऱ्या प्रहरी रस्ता एका नदीच्या कडेने आत वळला आणि दोन्ही बाजूंनी डोंगर उभे राहिले. आपल्याकडचे डोंगर काळ्या दगडाचे, पावसाळ्यात हिरवे, आणि कितीही उंच असले तरी कुठून तरी वाट देणारे. हे डोंगर तांबडे होते. खाली विटेच्या रंगाचे, वर जाता जाता फिकट होत शेवटी पांढरे, आणि भिंतीसारखे सरळ. नदीकाठी तेवढी पिंपळासारख्या पानांची उंच झाडे आणि थोडी हिरवळ.  आमच्याकडच्या कनकेश्वराच्या डोंगराच्या पायऱ्या चढून गेल्याचा मला मोठा अभिमान होता, तो मी तिथेच सोडून दिला.

आम्ही ज्यासाठी आलो होतो त्या डोंगराला तिथे 'एंजल्स लँडिंग' म्हणतात. तो इतका उंच नि अरुंद, की त्यावर देवदूतच उतरू शकतील, असा त्या नावाचा अर्थ ह्यांनी मला सांगितला. सांगताना बघत होते मात्र डोराकडे, बरोबर आहे ना म्हणून.

हा सगळा दगड म्हणजे थिजलेली वाळू. फार पूर्वी इथे वाळूच्या टेकड्या होत्या, त्या दबून दबून दगड झाल्या. अजूनही हात फिरवला तर बोटांना कण लागतात. एका कातळावर मला बारीक वळणांच्या रेघा दिसल्या, अक्षीच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूवर उमटतात अगदी तशा. त्या मला कोणी दाखवल्या नव्हत्या. मीच ह्यांना बोलावून दाखवले. हे म्हणाले, "अरे वा," आणि लगेच डोराला हाक मारून तेच इंग्रजीत सांगितले. तिने वहीत टिपून घेतले. माझ्या रेघा तिच्या वहीत गेल्या.

राहायला आम्ही शेजारशेजारच्या दोन लाकडी खोल्या घेतल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी मी कुळथाचे पिठले केले. वास आला तशी डोरा आपली ताटली घेऊन आली आणि तीन वेळा मागून घेतले. सासूबाईंनी बांधून दिलेले पीठ ते. कोणी आपल्या हातचे इतक्या आवडीने खाल्ले तर एरवी मला आनंद होतो. त्या दिवशी मी पिठाचा डबा घट्ट लावून ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

जेवण झाल्यावर ती दोघे बाहेर पायरीवर बसली. अजून उजेड होता. मी आत भांडी पुसत होते. इंग्रजी मला ऐकून बऱ्यापैकी समजे. बोलताना मात्र मी अडखळे. हे तिला आमच्या गावच्या बांधाविषयी सांगत होते. एकदा भर दुपारी उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली (म्हणजे बांध फुटला). हे तेव्हा नऊ वर्षांचे होते. धाकट्या बहिणीला घेऊन बघायला गेले होते. तिचा हात ह्यांच्या हातात होता. बांध आणखी ढासळला, पाणी आले आणि हात सुटला.

मी फडके हातात धरून तशीच उभी राहिले. ह्यांना बहीण होती, हे मला ठाऊक नव्हते.

आठ वर्षे मी त्या घरात नांदत होते. सासूबाईंनी कधी तिचे नाव काढले नव्हते, दिरांनीही नाही. त्या मुलीचे मला वाईट वाटायला हवे होते, ह्यांचे वाटायला हवे होते. ते नंतर वाटले. खरे लिहायचे तर आधी मनात आले ते एवढेच, की ही गोष्ट माझी होती आणि ती तिला मिळाली.

पुढचे दोन दिवस ती दोघे नदीकाठी पाने गोळा करत हिंडली. मी डोके दुखते म्हणून खोलीत बसले. हे मधून मधून येऊन कपाळाला हात लावून जात आणि ताप नाही म्हणून निर्धास्त होत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला डोंगर चढायचा असे त्या दोघांचे ठरले होते. मी येणार नाही हे मी आधीच सांगून टाकले होते. आदल्या संध्याकाळी हे नदीवर गेले असताना डोरा दाराशी आली. म्हणाली, हल्ली दुपारी ढग भरून येतात, आठला निघून चालायचे नाही. मी पहाटे पाचला नदीवरच्या पुलापाशी येते, अर्धा तास वाट बघेन, एवढा निरोप द्याल का? आणि तुम्हीही या, असेही ती म्हणाली. मी म्हटले, "येस."

हे आले, जेवले, डोंगराविषयी बोलले. निरोप दोनदा ओठांवर आला. दोन्ही वेळा मी पाणी प्यायले.

सकाळी आठला हे पुलापाशी जाऊन परत आले. डोराच्या दाराला कुलूप होते. "गेलेली दिसते एकटीच," हे म्हणाले. जरा दुखावले होते. मी म्हटले, "असेल तिचं काही काम." मग हे म्हणाले, चल, आपण दोघंच कुठंतरी जाऊ. माझे डोके तत्काळ उतरले.

असा दिवस मला त्या आधी मिळाला नव्हता. नदीच्या काठाने आम्ही एका ओल्या कड्याखाली गेलो. वर पडलेला पाऊस त्या दगडातून झिरपत झिरपत किती तरी वर्षांनी खाली येतो आणि थेंबाथेंबाने गळतो. त्या ओलाव्यावर कातळाला हिरवी झालर आली होती. ह्यांनी एक नाजूक पान हातात घेऊन मला विचारले, ओळखतेस का? आपल्या विहिरीच्या आत उगवतो तो हंसराज. इतक्या लांब, वाळवंटात, आपल्या विहिरीतले पान. मी शाळेतल्या मुलीसारखे प्रश्न विचारत गेले आणि हे न कंटाळता सांगत गेले. मी मनात म्हणत होते, बघ, मलाही समजते.

दुपारी दोनच्या सुमारास ढग आले. असा पाऊस मी कोकणातही पाहिला नाही. एवढ्या जोरात आलेले पाणी दगडाला पिता येत नाही. जेवढे पडते तेवढे खाली येते. जिथे सकाळी कोरडे कडे होते तिथे बघता बघता दहा-बारा धबधबे कोसळू लागले आणि नदी तांबडी लाल झाली. आम्ही चिंब होऊन खोलीवर आलो. चार वाजले होते. डोराच्या दाराचे कुलूप तसेच होते.

हे उद्यानाच्या कचेरीत चौकशी करून आले. तिथल्या माणसाने तिला पहाटे पुलाकडे जाताना पाहिले होते. "पण आमचं तर आठला ठरलं होतं," हे स्वतःशीच म्हणाले. 

मी म्हटले, "तिनं काल निरोप ठेवला होता. पाचला निघायचं म्हणून. मी तुम्हाला सांगितला नाही."

"विसरलीस?"

तो शब्द त्यांनी माझ्यापुढे आयता ठेवला होता. मी हो म्हटले असते तर ते तेवढ्यावर थांबले असते. मी म्हटले, "नाही."

 हे टोपी उचलून बाहेर पडले. उद्यानाचा रखवालदार (त्याला तिथे रेंजर म्हणतात) आणखी दोघांना घेऊन दोरखंड आणि कापडी डोलीसह निघाला. पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस होता. बाईमाणसाने येऊ नये असे त्याने ह्यांना सांगितले. ह्यांनी ते मला मराठीत सांगितले नाही, आणि इंग्रजी न समजल्यासारखे करून मी काष्टा घट्ट खोवून मागोमाग चालू लागले.

वाट आधी कड्याच्या अंगाने वर जाते, मग दोन उंच भिंतींमधल्या एका घळीत शिरते. तिथे ऊन कधीच पोचत नाही, त्यामुळे आत थंडगार असते. घळीच्या शेवटी दगड बांधून काढलेली वीसेक वळणे आहेत, एकावर एक, जिन्यासारखी. वरच्या वळणांपाशी रेंजरने हाक मारली आणि वरून उत्तर आले.

डोरा भिंतीला टेकून बसली होती. कपडे ओले, ओठ निळे पडलेले, एक पाय सरळ पुढे. पाऊस सुरू झाल्यावर उतरताना दगडावरच्या ओल्या वाळूत तिचा पाय घसरला आणि गुडघ्याखाली मोडला. जवळजवळ तीन तास ती तशी बसून होती. ह्यांना बघून ती म्हणाली, "मी तासभर थांबले पुलापाशी. वाटलं, तुमचा बेत बदलला."

हे काही बोलणार तोच मी पुढे झाले. माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटले, मी सांगितले नाही. समजले होते, तरी सांगितले नाही.

 ती कोणाकडेच न बघता म्हणाली, "माझी चित्रं वर राहिलीत. खिंडीत, कपारीला ठेवून आले, उतरताना हात मोकळे हवे होते. पुन्हा पाऊस आला तर भिजतील." रेंजर तिच्या पायाला फळ्या बांधत होता. ह्यांनी तिचे खांदे धरले होते. मी म्हटले, मी आणते. रेंजरने बजावले, खिंडीच्या पुढे पाऊल टाकू नका.

वळणे संपली की खिंडीतली सपाट जागा लागते आणि तिथून खरा डोंगर दिसतो. माशाच्या पाठीसारखा अरुंद, दोन्ही बाजूंना खोल दरी, आणि वर जाणाऱ्यांसाठी दगडात ठोकलेल्या साखळ्या. पाऊस थांबला होता. कलते ऊन पडून तो सगळा डोंगर आतून पेटल्यासारखा दिसत होता, आणि फार खाली नदी लुगड्याच्या काठाएवढी. मी एकटी होते. असे काही बघायला एकटी मी जन्मात कधी उभी राहिले नव्हते.

कपारीत मेणकापडाची पिशवी होती. मी ती उघडली. खरे तर उघडायचे काही कारण नव्हते. एकेका पानावर एकेक झाड, अगदी जिवंत. खाली डोराच्या हातचे शास्त्रीय नाव, आणि त्याखाली ह्यांच्या अक्षरात, बाळबोध लिपीत, आपल्याकडचे नाव किंवा आपल्याकडच्या कोणत्या झाडासारखे ते. तिसऱ्या पानावर लिहिले होते, हंसराज. त्या सकाळी मला सांगितला तो हंसराज तिला आधीच सांगून झाला होता.

मी पिशवी बंद केली आणि हात लांब करून कड्याच्या बाहेर धरली. वाऱ्याने उडाली म्हटले असते तर कोणालाही पटले असते. खाली एक मोडका पाय होता, तो माझ्यामुळे, आणि तरी मी तिथे तशी उभी होते. शेवटी हात मागे घेतला तो चांगुलपणाने नव्हे. आतले अक्षर ह्यांचे होते, ते माझ्याच्याने दरीत टाकवेना.

अंधार पडायच्या आत आम्ही डोराला खाली आणले. दुसऱ्या दिवशी तिला जवळच्या गावातल्या इस्पितळात नेले आणि तिचा भाऊ तिला न्यायला येईल अशी तार आली. निघण्यापूर्वी मी तिच्या खाटेपाशी गेले. काय बोलायचे ते इंग्रजीत पाठ करून गेले होते, ते तिने बोलू दिले नाही. ती म्हणाली, "मला तुमचा राग आला आहे. तो लवकर जाणार नाही. पण तुम्ही तोंडावर सांगितलंत." तिने मला क्षमा केली असती तर मला ते अधिक जड गेले असते. ट्रंकेच्या तळाचा पिठाचा डबा मी तिच्या उशाशी ठेवून आले.

परतीचा प्रवास भाड्याच्या मोटारीने आणि रेल्वेने झाला. दोन दिवस हे माझ्याशी कामापुरतेच बोलले. एका लहानशा स्टेशनावर गाडीला पुष्कळ वेळ होता. बाकावर बसलो असताना मी विचारले, बहिणीचे तुम्ही तिला सांगितलेत, मला का नाही?

ह्यांना धक्का बसला. मी ते ऐकले होते हे त्यांना ठाऊक नव्हते. मग म्हणाले, "तिला सांगणं सोपं होतं. ती कधी आपल्या घरी येणार नव्हती. तुला सांगितलं असतं तर तू रोज त्या बांधावरून जाताना मला बघितलं असतंस."

मी नाव विचारले. यमू, म्हणाले. गाडी येईपर्यंत मग ते यमूविषयी बोलत होते. मला आता फार रडू आले, आणि ते सगळे यमूसाठी होते असे मी म्हणू शकत नाही.

वर्ष संपल्यावर आम्ही परतलो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत बसलो तेव्हा माझ्या शेजारी मासळी विकून रिकामी पाटी घेऊन परत निघालेली एक वयस्क कोळीण होती. ट्रंकांवरच्या चिठ्ठ्या बघून तिने विचारले, "कुठशी येताव बाय?" हे पुढे सरकून तिला अमेरिका, वाळवंट, तांबडा डोंगर असे हौसेने सांगू लागले. मला पुन्हा तीच कळ आली. आता ह्या कोळणीचासुद्धा हेवा. माझे मलाच हसू आले.

"थांबा, मी सांगते," मी म्हटले, आणि सांगत गेले. डोंगर, डोरा, निरोप, पाऊस, मोडलेला पाय. आणि बोलण्याच्या ओघात खिंडीतले तेही सांगितले, पिशवी हातात धरून मी कशी उभी होते ते.

कोळणीने सगळे नीट ऐकून घेतले. विचारले, "ती बाय चालाया लागली का?"

लागली, मी म्हटले. तसे तिचे पत्र आले होते.

"मंग बरा झाला," ती म्हणाली. "पन मी असते तं ती पिशवी टाकली असती."

मी हसत हसत वळले तर हे हसत नव्हते. पिशवीची गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नव्हती. इतके महिने एका घरात राहून ती त्यांनी आज प्रथम ऐकली, तीही एका अनोळखी बाईबरोबर. "हे मला का नाही सांगितलंस?" त्यांनी हळूच विचारले.  मी म्हटले, हिला सांगणं सोपं होतं.

धक्क्यावर उतरून आम्ही बैलगाडीत बसलो. मी पाहिलेला सर्वांत मोठा डोंगर कसा होता हे आता गावात मला शंभरदा सांगावे लागणार होते. हे मात्र गाडीच्या दुसऱ्या कडेला तोंड फिरवून बसले होते. कोळणीला मिळाले ते आपल्याला मिळाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेले होते. घर येईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी पदर सावरून, पाय पसरून बसले, आणि त्या सबंध वाटेत मला मनापासून बरे वाटत होते.